एसीतली बेबी आणि हॉलमधले आण्णा

लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. ज्यांना तेवढंही झेपत नाही ते काचेच्या टाकीत मासे सोडतात. माझ्या भावानं, संगमेशनं, कोळी पाळला. केसाळ, तळहाताएवढा, परदेशी. त्याला कोळी म्हटलेलंही चालायचं नाही बरं का! "ताई, टॅरान्टुला म्हण. आणि ती मादी आहे." नाव काय, तर बेबी. पस्तिशीचा घोडा, लग्नाचं नाव काढलं की अंगावर येतो, आणि घरात बेबी!

विमा कंपनीत नोकरी, जुळे सोलापूर भागात फ्लॅट. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे त्याचे सगळे प्रताप मला फुकटात बघायला मिळतात. रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तोंड धुवायच्या आधी मोबाईल स्टँडवर लावायचा. "नमस्कार मंडळी, आज बेबीनं झुरळ खाल्लं." आणि हे बघायला हजारो माणसं! लोकांना कामधंदे नाहीत, दुसरं काय?

कोळी हा माणसाचा मित्र, असं तो त्या मोबाईलला सांगायचा. आणि त्याच घरात गॅलरीच्या कोपऱ्यात साध्या, गावठी कोळ्यानं जाळं केलं की फवारा घेऊन धावायचा. मित्र म्हणे! डोंबलाचा मित्र. मैत्री करायलासुद्धा याला इम्पोर्टेड लागतो.

आमचे वडील, आण्णा, हे बघून हळहळायचे. आमच्या गावी, मैंदर्गीला, रानात तुरीच्या ओळीत सकाळी मोठमोठी जाळी लागलेली असायची. डोक्यावर वैरणीचा भारा असला तरी आण्णा जाळं मोडायचे नाहीत, वाकून बाजूनं जायचे. "रातभर राबलंय गं ते," म्हणायचे. त्या माणसाच्या पोटी हे रत्न.

गेल्या साली आमची अव्वा, आमची आई, गेली. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत. अंघोळ घालतात, विभूती लावतात, बसवून पुरतात आणि घरचा प्रत्येकजण वरून मूठभर माती टाकतो. त्या दिवशी संगमेश पुण्याला होता. ऑफिसचं काम म्हणाला. आम्ही थांब थांब थांबलो, शेवटी विधी करणारे स्वामी म्हणाले, आता उरकायला पाहिजे. सगळे अंघोळी करून बसल्यावर हा उगवला. गाडीत मागच्या सीटवर टॉवेल गुंडाळलेला डबा होता. त्यात ही बेबी! आईच्या मातीला पोचायला उशीर झाला तो हिला धक्के लागू नयेत म्हणून गाडी हळू चालवली, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्याच दिवशी मी त्याच्या कानाखाली द्यायला हवी होती. आण्णांनी माझा हात धरला.

मग आण्णांना त्यानं सोलापूरला आणलं. जगानं नावं ठेवू नयेत म्हणून, मी काय त्याला ओळखत नाही? घरात एसी एकच, बेडरूममध्ये. तिथं बेबीचा काचेचा डबा. सोलापूरचा मे महिना, बाहेर पाय ठेवला तर चप्पल डांबराला चिकटते. बेबी गारव्यात, आणि आण्णा हॉलमध्ये ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर. "आण्णा, आत झोपा की," मी म्हटलं. तर म्हणाले, "नको, तिला तरास होतो म्हणं माझ्या खोकल्याचा." मला रडावं की हसावं कळेना!

पण आण्णा तक्रार करत नव्हते. त्यांना एवढंच हवं होतं, पोराच्या घरात राहायचं. मैंदर्गीच्या त्या कुलूपबंद घरात, अव्वाशिवाय, एकटं जायची त्यांना भीती वाटायची. माझ्याकडे चला म्हटलं की म्हणायचे, लेकीच्या घरी किती दिस राहायचं? संगमेशला हे पक्कं ठाऊक. म्हणून तो रोज ऑफिसला जाताना बजावायचा, "बेबीकडे लक्ष ठेवा. तिला काही झालं तर तुम्हाला मैंदर्गीला नेऊन सोडीन." मस्करी करतो म्हणायचा. अशी मस्करी बापाशी करतात?

आणि एके दिवशी दुपारी आण्णांचा मला फोन. "वैजू, लगेच ये. ती गेली." तशीच स्कूटी काढली. जाऊन बघते तर आण्णा ओल्या केसांनी दारात बसलेले, नखांत माती.

"सकाळी बगितलं तर उताणी पडलेली गं. पाय वर. हालंना. संगूला फोन केला तर कट करतोय. दुपारपर्यंत बसून ऱ्हायलो, वाटलं उठंल. न्हाय उठली. उघड्यावर कशी टाकायची? त्याची लेकच की ती."

म्हणून आण्णांनी तिला कागदावर घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. सोसायटीच्या कडुलिंबाखाली खड्डा करून तिला नीट बसवून पुरली. मग अंघोळ केली. अव्वाचं केलं तसंच सगळं. आणि आता जिन्याकडे बघत बसले होते. "माझ्या राखणीत गेली. मैंदर्गीला सोडतोय बग मला तो आता."

संध्याकाळी संगमेश आला. ऐकलं आणि असा किंचाळला की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. "मेली नव्हती ती! कात टाकत होती! कात टाकताना त्या उताण्याच पडतात. जिवंत पुरली तुम्ही तिला!"

धावत खाली गेला आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागला. इस्त्रीचा शर्ट, गुडघे मातीत, डोळ्यांत पाणी. मी आणि आण्णा बघत उभे होतो. आईच्या खड्ड्याशी जे हात पोचले नाहीत ते हेच. बेबी निघाली. कपाळ कुठलं असायला तिला, पण अंगभर विभूती होती. आता ती खरंच मेलेली होती.

"अडाणी!" तो आण्णांवर ओरडला. "सगळ्या जगाला कळतं! मी व्हिडिओ केलाय यावर!" आणि त्यानं मोबाईल काढून बापाच्या तोंडासमोर धरला.

मोबाईलमध्ये संगमेश हसून सांगत होता, "मंडळी, तुमची टॅरान्टुला उताणी दिसली तर घाबरू नका. तिला हात लावू नका. आणि घरच्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा."

आण्णांनी तो शेवटपर्यंत बघितला. चष्मा नव्हता, तरी डोळे बारीक करून बघितला.

"चांगलं सांगितलंयस की," ते म्हणाले. "मला कवा सांगितलंस?"

एवढा बोलका माणूस! हजारो लोकांना सांगितलं, पलीकडच्या खोलीत फरशीवर पडलेल्या बापाला तेवढं सांगायचं राहिलं.

आण्णा हळूच खाली बसले. त्याच्या हातातून बेबीला घेतलं, परत खड्ड्यात बसवलं. मूठभर माती उचलून त्याच्यापुढे धरली. "टाक. तुझ्या अव्वाला टाकायची ऱ्हायली तुझी. हिला तरी टाक."

त्यानं टाकली. रडला. कुणासाठी रडला ते त्याचं त्याला माहीत, मी काही विचारायला गेले नाही. मला त्याची कीव आली नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

"आण्णा, माझ्या घरी चला," मी म्हटलं.

आण्णा हात झटकत उठले. पिशवी त्यांनी दुपारीच भरून ठेवली होती, दाराआड.

"तुझ्याकडं न्हाय, वैजू. मैंदर्गीच्या गाडीत बसव मला," ते म्हणाले. "आता भ्या वाटत न्हाय."