काकाजींची बारा मिनिटं

काकाजी एरर वाचत असत. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस एरर वाचणारच. नाही वाचत. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर छातीठोकपणे सांगते, आम्ही कोणीच वाचत नाही. स्क्रीनवर काही वेडंवाकडं उमटलं की आम्ही आधी ते पुसतो, मग मशीन बंद करून चालू करतो आणि तरीही जमलं नाही की कपाळाला हात लावतो. काकाजी मात्र खुर्ची पुढे ओढत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळं मोठ्याने वाचत. इंग्रजी सेलूच्या शाळेतलं, त्यामुळे वाचन सावकाश. मध्येच कोणी "रिस्टार्ट मारू का?" म्हटलं की हात वर करत. "थांब न बाप्पा. तो काई सांगून राह्यला, ते तर आयकून घे. बोलत्या माणसाचा गळा दाबते काय कोणी?"

वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या संगणक विभागात आम्ही दोघं होतो. काकाजी निवृत्तीला टेकलेले, लिनक्सवर चालणाऱ्या सगळ्या सर्व्हरांचे कर्तेधर्ते. मी त्यांच्या हाताखाली, वयाने वीसेक वर्षांनी लहान. त्यांचं घर जवळच्याच सेलूकडचं, भाजीपाला पिकवणारं. भाऊ शेतात आणि हे एकटे नोकरीत, पण रोज सकाळी पिशवीत मेथी नाहीतर वांगी असायचीच. या पिशवीचा एक कायदा होता. "नेट बंद आहे" एवढंच सांगत येणाऱ्या प्राध्यापकाला काकाजी आल्या पावली परत पाठवत, "काय लिहून आलं ते पाहून या सर." जो अख्खी एरर कागदावर उतरवून आणेल, त्याला मेथीची जुडी. आमच्या कॉलेजातले काही प्राध्यापक मेथीच्या लोभाने साक्षर झाले.

त्यांचा सगळ्यांत लाडका होता डीएनएसचा सर्व्हर. तो काय करतो हे ते एका वाक्यात सांगत, "तुमी नाव सांगा, तो पत्ता सांग्ते. बस." कॉलेजातल्या प्रत्येक मशीनचं नाव आणि पत्ता त्याच्या यादीत. यादी बदलली की मात्र त्याला सांगावं लागतं, बाबा रे, पुन्हा एकदा वाच. नाहीतर तो जुनेच पत्ते वाटत बसतो. हे सांगायलाही रीत आहे. त्याचा एक वेगळा दरवाजा असतो, आणि सांगणाऱ्याकडची किल्ली त्याच्याकडच्या किल्लीशी जुळली तरच तो ऐकतो. किल्ली म्हणजे चाळीस-बेचाळीस अक्षरांची अगम्य ओळ. ती फोनवरून सांगायची वेळ आली की लोक ए फॉर ॲपल करतात. काकाजींचं सगळं मंडईतलं. "मोठा टी, टमाटरवाला. लहान पी, पालकवाला. मोठा बी, बैंगनवाला." एकदा क्यू आला तेव्हा त्यांनी सगळी मंडई बोटांवर मोजून पाहिली. मग म्हणाले, "क्यूची भाजी नाई निंगत. नुसताच लिह."

आणि त्यांचं घड्याळ. काकाजींची सगळी घड्याळं पुढे असायची. मनगटावरचं पुढे, विभागातल्या भिंतीवरचं पुढे, टेबलावरच्या कॉम्प्युटरचंही त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे करून ठेवलेलं. कारण एकच, संध्याकाळची पाच चाळीसची सेलूची बस. अख्ख्या नोकरीत ती बस एकदाही चुकली नाही, हे ते डिग्री मिळाल्यासारखं सांगत. विभागात येणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मनातल्या मनात वजाबाकी करी. आम्हाला ती इतकी अंगवळणी पडली होती, की घड्याळ चुकीचं आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

मग नवी इमारत झाली. आमचा विभाग तिच्या तळमजल्यावर आला आणि सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर गेले. लिफ्ट यायची होती, ती येतच होती. काकाजींचे गुडघे तोवर कामातून गेले होते, एक मजला चढले तर दोनदा बसावं लागे. शिवाय नव्या नियमाप्रमाणे सर्व्हरमध्ये दुरून शिरायचं बंद झालं. यादी खालून लिहिता यायची, ती 'पुन्हा वाच' हे सांगायला तेवढं वर जावं लागणार होतं. संचालक साहेब म्हणाले, "काकाजी, आठ महिने उरलेत तुमचे. कशाला त्रास? हे काम बाहेरच्या कंपनीला देऊ, तुम्ही आवक-जावक पाहा."

आवक-जावक! काकाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. "साहेब, मी खालूनच सांगीन त्याले," ते म्हणाले. "त्याचा दरवाजा माह्या टेबलासाठी खोलून ठेवतो. सोमवारी दाखवतो तुमाले." साहेब म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी एक वाजता येतो. जमलं तर सर्व्हर तुमचा, नाहीतर मंगळवारपासून आवक-जावक."

काकाजी निश्चिंत होते. कधीकाळी, सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना, त्यांनी आपल्या टेबलावरून हाच प्रयोग करून पाहिला होता आणि तो पहिल्या झटक्यात जमला होता. सोमवारी अकरा वाजता त्यांनी हुकूम टाइप केला, एंटर दाबलं, आणि सर्व्हरने दरवाजा तोंडावर आपटला.

काकाजींनी चष्मा खाली घेतला आणि वाचायला लागले. सर्व्हरने संबंध तोडला आहे. कारणं पाच असू शकतात. तिकडची आवृत्ती जुनी असेल, या मशीनला परवानगी नसेल, दोन्हीकडची घड्याळं जुळत नसतील, किल्ली वापरायची पद्धत वेगळी असेल, किंवा किल्लीच चुकीची असेल. "पाय, बिचाऱ्यानं पाच-पाच कारणं देल्ले," काकाजी कौतुकाने म्हणाले. "जाय वं वर. एकेक पाहू."

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. फोन कानाला लावून आम्ही एकेक कारण निकालात काढू लागलो. आवृत्ती तीच होती. परवानगीच्या यादीत काकाजींचं मशीन होतं.

"घड्याळ पाय वरचं," फोनवर आवाज आला.

मी सर्व्हरचं घड्याळ माझ्या मोबाइलशी ताडून पाहिलं. "वरचं बरोबर हाय काकाजी. मिनिटाले मिनिट."

"मंग झालं. पुढचं पाय."

पद्धत तीच निघाली. राहिली किल्ली. तिसऱ्या मजल्यावर रेंज धड नव्हती, म्हणून काकाजी खालून ओरडत होते आणि मी वरून ओरडत होते. "लहान के, करेलावाला!" "हाय!" "मोठा जी, गाजरवाला!" "हाय!" मधल्या मजल्यावर परीक्षा विभाग होता. तिथली माणसं बाहेर येऊन ऐकत उभी राहिली, त्यांना वाटलं कँटीनची ऑर्डर चालली आहे. कॉलेजची सगळ्यांत गुप्त किल्ली त्या दिवशी भाजीबाजारासारखी जिन्यातून विकली गेली. शेवटच्या अक्षरापर्यंत ती जुळली. (दुसऱ्या दिवशी आम्ही ती गुपचूप बदलली.)

मी धापा टाकत खाली आले. पाची कारणं तपासून झाली होती आणि सर्व्हर ऐकत नव्हता. काकाजींनी पुन्हा हुकूम दिला, पुन्हा तेच उत्तर. त्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. त्यांना मनात वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि टेबलाचा आधार घेत उठले.

"कुठी चालले काकाजी?"

"एक वाजला वं. साहेब यायच्या आधी आपणच जाऊन सांगतो, नाई जमलं म्हणून. त्याईनं येऊन पाहावं, त्यापेक्षा हे बरं."

मी मोबाइल पाहिला. बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. सवयीने वजाबाकी करत मी म्हणाले, "बसा न काकाजी. एक कुठी वाजला? अजून बारा मिनिटं हायेत."

माझं वाक्य पुरं झालं आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. काकाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटाकडे. मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे. मग हळूच खाली बसले, चष्मा लावला, आणि सर्व्हरने दिलेलं तिसरं कारण मोठ्याने वाचलं.

"अवं माय," ते म्हणाले. "तो तं सकायपासून सांगून राह्यला. आपणच आयकलं नाई."

आम्ही वरचं घड्याळ तपासलं होतं. खालचं तपासायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आता काम सोपं होतं, पण काकाजींचा हात माउसवर जाईना. घड्याळ मागे घेणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. "तूच कर," असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले. मी वेळ आपोआप जुळवायची सोय चालू केली. कोपऱ्यातले आकडे बारा मिनिटं मागे आले. काकाजींनी हुकूम दिला, आणि सर्व्हरने मुकाट्याने यादी पुन्हा वाचली. यशाची ती एवढीशी ओळही त्यांनी शेवटपर्यंत मोठ्याने वाचली.

साहेब सव्वाला आले. सगळं पाहून खूश झाले आणि सहज म्हणाले, "काही अडचण नाही ना आली?" मी "नाही" म्हणणार होते. काकाजी म्हणाले, "आली साहेब. चूक माह्यी होती. घड्याळ पुढं होतं." साहेब पोट धरून हसले आणि सर्व्हर काकाजींकडे राहिला.

त्या संध्याकाळी काकाजींची बस चुकली. दिवसभर ते कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे पाहत राहिले आणि ते आता खरं बोलत होतं. नोकरीतली पहिलीच चुकलेली बस. मी त्यांना माझ्या स्कूटीवर सेलूला सोडायला निघाले. वाटेतली नालवाडी मागे पडल्यावर मला विचारावंसं वाटलं, "काकाजी, मंग पयल्या वेळी कसं काय जमलं होतं? तवाही घड्याळ पुढंच असन न?"

"तवा तीन मिनिटं होतं," ते म्हणाले. "सर्व्हर पाच मिनिटांचा फरक चालवून घेते. तवा बस स्टॉपवर पोचाले तीन मिनिटं आधी निंगालं तं पुरत होतं. मंग पाच लागू लागले. मंग आठ. गुडघे जसे गेले तसं घड्याळ पुढं करत गेलो. आता बारा लागते." मग म्हणाले, "माह्यं म्हातारपण त्याले खपलं नाई, एवढीच गोष्ट."

ते हसत होते. मला मात्र भडभडून आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

आठ महिने त्यांनी सर्व्हर खालूनच चालवला, एकदाही जिना न चढता. कॉम्प्युटरचं घड्याळ खरं राहिलं, भिंतीवरचं आणि मनगटावरचं बारा मिनिटं पुढे. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, साहेबांनी घड्याळाचा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. सगळे गेल्यावर काकाजी मला म्हणाले, "भिंतीवरचं ते घड्याळ काढ बरं."

मी स्टुलावर चढून ते काढून दिलं. त्यांनी मांडीवर घेऊन शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि मागची कळ फिरवून काटा बरोबर बारा मिनिटं मागे आणला. मग मनगटावरचंही तसंच केलं.

"राहू द्या न काकाजी," मी म्हणाले.

"कायले? आता मले कोणती बस पकडाची हाय?" टेबलावर मेथीची शेवटची जुडी ठेवून म्हणाले, "येजो सेलूले." बाहेर पुतण्या मोटरसायकल घेऊन उभा होता. तिच्यावर बसून ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर मी बसले. संध्याकाळी मान वर केली तर भिंतीवर परत लावलेलं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं, आणि ती वेळ मला काही केल्या खरी वाटेना. शेवटी उठले, स्टुलावर चढले आणि काटा पुढे केला. बारा मिनिटं नाही, तीनच. तेवढं सर्व्हर चालवून घेतो.