पुढच्या सीटवरचा हॉर्न

सेनगावहून हिंगोलीला मी रोज ज्याच्या जीपनं जातो, त्याचं नाव मला ठाऊक नाही. सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्याच्या कर्कश हॉर्नला वैतागून मी, इंग्रजीचा मास्तर, एकदा शिकवणीच घेतली. "मामा, इंग्रजीत मोटारीचा हॉंक, बारक्या भोंग्याचा टूट, घुबडाचा हूट. भाषण पडलं की लोकही हूट करतात, हे मला अनुभवानं माहीत. आणि कान फाडतो तो ब्लेअर. तुमचा हा ब्लेअर!"

"बराबर," म्हणत त्यानं वळणावर पुन्हा लांबलचक हॉर्न दिला. रस्त्याकाठच्या घरातून एक तरुण बाई पदराला हात पुसत आली आणि हात हलवून आत गेली.

"पोरगी हाय माझी. इथंच दिली. गाडी भरलेली, रोज कसं थांबावं?"

मध्यंतरी एकदा हॉर्न बंद पडला. वळण जवळ आलं तसा मामा बटण दाबदाबून घामाघूम झाला. "पोरगी वाट पाहून राहिली असंल, गुरुजी. आवाज न्हाई आला तर बापाला काय झालं म्हणून घाबरंल."

घर माझ्याच बाजूला होतं. मी खिडकीतून मान काढली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पोंऽऽऽ!"

मागची माणसं दचकली. दारात आलेल्या पोरीनं आधी बापाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसत हसत उंबऱ्यावरच बसली.

पुढच्या फाट्याशी मामानं गाडी हळू केली. मग म्हणाला, "गुरुजी, ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

आता हॉर्न दुरुस्त झालाय. तरी त्या वळणावर मामा बटणाला हात लावत नाही. नुसता माझ्याकडे बघतो.