खिडकीकडचा हिरवा डाग

माझी मोठी वहिनी आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं, असं ती म्हणते आणि घरातला पेला उजेडाकडे धरून बघते. दादा गेल्यापासून एकटीच राहते. दोनच खोल्या, पण फरशीत तोंड बघून भांग पाडावा इतक्या लख्ख. रेडिओ मात्र हल्ली फार मोठ्यानं लावते. घरात कुणाचा तरी आवाज हवा असतो.

तिच्या धाकट्या बहिणीला दमा आहे. ती राहायची त्या घराला ओल होती, भिंती हिरव्या पडायच्या, तिची छाती शिट्टी वाजवायची. वहिनी कधीची मागे लागली होती, माझ्याकडे ये म्हणून. शेवटी धाकटी कबूल झाली. पण फोनवर बजावलं, "आधी भिंत बघीन. ओल दिसली तर आल्या पावली परत."

लगेच मला बोलावणं आलं.

"भाऊजी, जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्यात. आता माझी रंगवा."

रंगकाम हाच माझा धंदा होता. पण खांदा कामातून गेलाय, हात कानाच्या वर जात नाही. म्हणून ठरलं, रोलर तिचा आणि तोंड माझं.

"म्हणजे घरातल्यासारखंच," वहिनी म्हणाली. "तुमचे दादाही खुर्चीतूनच काम करायचे."

रंग फिका पिवळा, पाण्यात मिसळणारा. मी तिला शिकवलं: सुरुवात रोज खिडकीच्या कोपऱ्यातून, रोलर दाबायचा नाही, ओल्यावर ओला हात फिरवत पुढे जायचं. हात चांगला निघाला तिचा. ओल्या चादरी उपसलेले दंड, दमते कुठली! पहिला हात झकास बसला.

निघताना मी म्हणालो, "रोलर धुवायची गरज नाही. उद्या हाच रंग आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळून ठेव, हवा लागू देऊ नकोस."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाचं ताट न घासता फडताळात ठेव म्हणालो.

"मळकं गुंडाळून ठेवायचं? धुलाईखान्यात असं केलं असतं ना, तर आमच्या मुकादमिणीनं मलाच गुंडाळलं असतं."

"बरं बाई, धू. आधी पत्तीनं रंग खरवडून डब्यात परत घाल. मग पाणी निवळेपर्यंत पिळ. आणि उभा वाळव. आडवा ठेवलास तर लव एका अंगाला बसते."

"धुणं मला शिकवताय?" ती म्हणाली. तेही खरंच. मी घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर रोलर खिडकीत उभा, किंचित दमट, पण नवऱ्या मुलासारखा पांढराशुभ्र. पहिल्या दिवशी दुकानातून आणला तेव्हाही इतका पांढरा नव्हता. मनापासून कौतुक केलं मी.

दुसरा हात दिला. वाळला, आणि खिडकीच्या कोपऱ्यात हिरवट डाग दिसला.

मी हात लावला. ठणठणीत कोरडा. नाक लावलं, कुबट वास नाही. नखानं खरवडलं, पोपडा सुटला नाही. ओल असती तर यातलं एक तरी झालं असतं. पण मग हिरवं आलं कुठून? पहिल्या हाताला का नव्हतं? भिंतीचं पोट कधी दुखतं हे मी लांबून सांगायचो. या भिंतीपुढे मात्र माझं डोकं चालेना.

"तिसऱ्या हातानं झाकलं जाईल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिसरा हात दिला. झाकलं जाणं राहिलं बाजूला, डागाला शेजारी भाऊ आला. तोही हिरवाच. काल झाकलेलं आज वर येतं, म्हणजे ओलच की! आणि तरी भिंत कोरडी.

वहिनीनं रोलर धुवून मोरीतल्या बादलीत टाकला, पदर खोचला आणि वरच्या मजल्यावर गेली. वर एक निवृत्त मास्तर राहतात. जिन्यात आवाज घुमला.

"तुमची मोरी गळतेय, मास्तर!"

"अहो, आठवडाभर आमच्या नळाला पाणी नाही! गळायला आधी यायला तर हवं! तुम्हीच बादली द्या एखादी!"

वहिनी खाली आली ती आणखी गोंधळून. मास्तरांना एक बादली देऊनही आली होती.

"भाऊजी, उद्या येतेय हो ती. काय दाखवू तिला?"

मी पुन्हा एकदा भिंतीला नाक लावलं.

धाकटी आली. भिंत बघितली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नाही.

"ताई, ओल आहे गं."

"नाही गं. हात लावून बघ, कोरडी आहे."

"आमचा घरमालकही हेच म्हणायचा."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे. धाकटी म्हणाली, "तोंड धुते आणि निघते." पिशवी घेऊनच मोरीत गेली. तिथूनच हाक आली.

"ताई, हा रोलर निळीत का घातलाय?"

मी उठून पाहिलं. कालच्या भांडणाच्या नादात वहिनी तो बादलीतून काढायला विसरली होती. पाणी चांगलं निळंशार.

"शेवटच्या पाण्यात नीळ घालायचीच असते," वहिनी म्हणाली. "पांढरं आहे ना ते. पिवळं पडू द्यायचं का?"

"अगं, पिवळ्याच भिंतीवर फिरवायचाय तो!" मी म्हणालो. "पडू दे की पिवळा!"

मी ट्रेमध्ये थोडा रंग ओतला आणि निथळता रोलर त्यात टेकवला. पिवळ्यात हिरवी पट्टी उमटली. रोज जिथून सुरुवात व्हायची, तिथंच नीळ उतरत होती.

वहिनीनं त्या पट्टीला बोट लावून बघितलं. "पण निळीनं तर पांढरं होतं," ती म्हणाली. "मग हिरवं कसं होईल?"

समजावून सांगितलं, तरी तिला पटलं नाही. पण रोलर तिनं धुतला, नुसत्या पाण्यात, पाणी निवळेपर्यंत. डागांवर पुन्हा हात दिला. धाकटी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, मी तिच्या शेजारी. दोघंही भिंत वाळायची वाट बघत होतो. कोपरा हळूहळू वाळला. पिवळा. पिवळाच राहिला. धाकटीनं उठून त्यावर गाल टेकवला, एक लांब श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही.

मोरीतून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, शेवटच्या पाण्यात काहीच नाही ना घालायचं? नक्की?"

"काहीच नाही."

"थेंबभरसुद्धा?"

धाकटी मोरीत गेली. तिनं निळीची बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली आणि पिशवी आतल्या खोलीत नेऊन कपाटात ठेवली.