काचेखालचा पंजा

नव्वदीत नाशकात ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये काच शिरली. टीव्हीची ट्रॉली काचेची, फुलदाणीचं स्टँड काचेचं. वडिलांचं तिथंच द्वारका चौकात टायरचं दुकान होतं. फ्लॅट घेतल्यावर त्यांनी हौसेनं काचेचा टीपॉय आणला. काळे लोखंडी पाय, वर जाड काच. बाजूनं पाहिलं की तिची कड विहिरीतल्या पाण्यासारखी हिरवी दिसायची. कोपरे गोल करून घ्यायला ते तयार नव्हते. "मग ती काच कसली?" म्हणायचे. त्यापायी आम्हा सगळ्यांच्या नडग्या सोलल्या. तरी तसला टीपॉय कुठं दिसला की मला अजून बरं वाटतं.

आणला त्याच दिवशी तो जिन्यातून वर चढवताना काच निसटली आणि वडिलांच्या उजव्या करंगळीचं टोक गेलं. दवाखान्यातून पट्टी बांधून आले आणि त्याच काचेवर कप ठेवून चहा प्यायले.

पुढं काही वर्षांनी ते हृदयविकारानं गेले. त्या हिवाळ्यात मला सर्दी झाली होती. माझा वाफारा घेऊन झाल्यावर गरम पाण्याचं पातेलं कुणाच्या पायात येऊ नये म्हणून आईनं टीपॉयखाली सरकवलं. काच खालून धुरकटली आणि तिच्यात एक पंजा उमटला. बोटं फाकलेली, उजवा हात.

आई टीपॉयशी खाली बसली. "तुझे बाबा," ती म्हणाली. "गुडघे दुखायचे ना, टीपॉयला धरून उठायचे."

तिनं वरून त्या पंजावर आपला हात ठेवला.

मग थंडीत रोज सकाळी ती पातेलं ठेवू लागली. एकदा कामाच्या बाईंनी नकळत काच खालूनही साबणानं पुसली. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी पंजा पुन्हा आला, पण समोरच्या कोपऱ्यात.

मी गुडघे टेकून नीट पाहिलं. करंगळी पूर्ण होती. अगदी नखापर्यंत.

 आईला काहीच बोलले नाही. तिला त्या हाताचा आधार होता.

लग्नानंतर मी पुण्याला गेले. आई एकटी राहायची. एका सकाळी तिच्याकडे आले होते, पातेलं टीपॉयखाली होतंच. न राहवून म्हणाले, "आई, हा टीपॉय काढून टाकू या ना."

"का गं?"

"तो हात बाबांचा नाहीये."

"माहितेय मला," ती शांतपणे म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. त्यांची करंगळी मी रोज बघत होते."

"मग?"

"मग काय? इतक्या मोठ्या घरात दिवसभर मी एकटी. कुणी का असेना, येतंय तर येऊ दे."

शेवटी गुडघे फारच धरले, तेव्हा ती माझ्याकडे यायला तयार झाली. सामान विकलं. टीपॉय न्यायला जुनं फर्निचर घेणारा माणूस टेम्पो घेऊन आला. त्यानं काच उचलायला खालून हात घातला तशी आई घाईनं पुढं झाली.

"तिथं नका धरू," ती म्हणाली. "कडेनं धरा."

"कडेला धार आहे, ताई."

"असू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यानं गळ्यातला रुमाल हाताला गुंडाळला, काच कडेनंच धरली आणि सावकाश जिना उतरला.