मागच्या बाजूचा रंग

भिंतीवरच्या सशाच्या कानावरून आज रंगाचा एक पोपडा गळून पडला. टीव्हीवरच्या जुन्या कार्टूनसाठी पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर हातानं रंगवलेलं हे चित्र. सशानं हात अर्धा उचललाय. पडद्यावर तो कुणाला तरी निरोप देत असेल, इथे हात तसाच राहिलाय.

माझी थोरली बहीण, अक्का, एका स्टुडिओत अशीच चित्रं रंगवायची. "रंग नेहमी मागच्या बाजूनं द्यायचा," ती सांगायची, "म्हणजे पुढून ब्रश फिरल्याचं दिसत नाही." काम जितकं चांगलं, तितका रंगवणाऱ्याचा हात दिसेनासा व्हायचा. अक्काचं काम फार चांगलं होतं.

अक्का गेली. पुढे स्टुडिओही बंद पडला आणि चित्रं भंगारात गेली. जुन्या बाजारात मिळेल ते मी घरी आणतो, उलटं करतो आणि मागचे ब्रशचे फटकारे बघत बसतो. त्यातला तिचा कोणता, ते ओळखू येत नाही. म्हणून एकही टाकवत नाही.

शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अहो, याची मागची बाजू पुढे लागलीये."

"असू दे," मी म्हणालो, आणि खाली पडलेला पोपडा अलगद उचलून घेतला.