घडी न घालता काढलेलं तोंड

चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेली बाई चित्रकला शिकायला गेली, तर काय करणार? कागदाची घडी घालणार! गळा कापताना कापड दुमडतात तसा मावशींनी कागद दुमडला, कोळशाच्या कांडीने अर्धं तोंड काढलं, घडी मिटून मागून नखाने घासलं आणि उघडलं. दुसरी बाजू आपोआप उमटली. अख्ख्या वर्गाने तोंडात बोटं घातली. मास्तर मात्र भडकले.

"मावशी, माणसाचं तोंड म्हणजे ब्लाउज नव्हे. कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात. पुढच्या वेळी घडी न घालता अख्खं तोंड काढून आणा."

मावशी तशा घाबरट. कापडावर कात्री बेधडक चालवायच्या, पण कोऱ्या कागदासमोर बसलं की आधी घडीच घालायच्या.

रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी काकांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. काका निवृत्त बस ड्रायव्हर, आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

"माझं तोंड काढतेस? कागद पुरेल ना?"

"अहो, गप्प बसा. ओठ हलले की माझं सगळं बिघडतं. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही."

"बरं बाई," म्हणून काका गप्प बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, असं मनात येऊन मावशींना हसू आलं.

डोळे जमले, नाक जमलं. घोडं अडलं ते ओठांवर. ओठाचा एक कोपरा सारखा खाली उतरायचा. मावशी पावाच्या मऊ गोळीने तो पुसायच्या, वर काढायच्या, मान उचलून बघायच्या, की पुन्हा खालीच. मेलं आपल्याला काही येत नाही! तेवढ्यात काकांचा हात मांडीवरून घसरून लोंबायला लागला. "हात जागेवर ठेवा हो," मावशी कागदावरची नजर न काढता ओरडल्या. हात काही वर आला नाही.

बाजू सारख्या नसतात असं मास्तर म्हणालेच होते, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. पण रोज समोर असणारं तोंड ते! ते वाकडं कधी होतं? घड्याळात पावणेअकरा झाले होते. मावशींनी कोळसा खाली ठेवला.

"अहो, बोला बरं काहीतरी."

काकांनी तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही.

शेजाऱ्याने गाडी काढली. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलले? नक्की वेळ सांगा, पक्षाघाताचं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं."

"नऊला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मीच बोलू दिलं नाही."

"तोंड वाकडं कधी दिसलं?"

"दहाच्या सुमाराला. मला वाटलं, माझंच चुकतंय. मी पुसत बसले." एवढं बोलून मावशींनी कोळशाने माखलेल्या हातांनी चेहरा झाकून घेतला आणि गाल काळेशार झाले.

"अजून वेळ आहे," म्हणत डॉक्टरबाई आत धावल्या.

औषध लागू पडलं. काका दहाव्या दिवशी घरी आले, आणि जीभ जड असली तरी महिन्याभरात बोलायला लागले. ओळखीपाळखीचे म्हणतात, "मावशी, तुमच्या चित्राने वाचवलं हो माणूस!" मावशी चहा टाकायला उठतात. पुसण्यात घालवलेला तो पाऊण तास त्यांनी डॉक्टरबाईंशिवाय कुणाला सांगितलेला नाही. तो त्यांना आतून खातो.

काका जरा गप्प झाले, की मावशी हातातलं काम टाकून हाक मारतात. मग काका पेपर वाचत असोत नाहीतर नुसते खिडकीबाहेर बघत असोत.

"अहो!"

"काय गं?"

"काही नाही. बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतेय."