अक्रातली मॅडम

आमच्या खालच्या मजल्यावरच्या घानाच्या बाई सलून चालवतात आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढतात. एका शनिवारी दार वाजवून म्हणाल्या, "तुझ्याकडे ब्लेझर आहे ना? मग तू मालकीण!"

सिनेमा त्यांच्या राजधानीतल्या, म्हणजे अक्रातल्या बेकार पदवीधरांवर होता आणि त्यांना नोकरी नाकारणारी भारतीय मॅडम हवी होती. मी नवऱ्याच्या व्हिसावर या डच शहरात आलेली एम.एस्सी. ब्लेझर मुलाखतींसाठीच घेतला होता. नकार पचवण्यात माझा हातखंडा, पण द्यायची संधी कधी आली नव्हती. म्हटलं, दुधाची तहान ताकावर.

शूटिंग शहराच्या झुइडओस्ट भागात, त्यांच्या चर्चच्या मागच्या खोलीत. खिडकीतून मेट्रो दिसायची, म्हणून पडदे ओढले आणि झालं अक्रा तयार. उमेदवार होता बाईंचा भाचा. इथल्याच ग्रोनिंगन विद्यापीठात शिकलेला आणि खरोखरच बेकार, त्यामुळे त्याला तयारी करावी लागली नाही.

"आम्ही कळवू," मी झोकात म्हटलं. तो असा काही चेहरा पाडून उठला की माझ्या तोंडून गेलं, "थांबा, चहा तरी घेऊन जा."

"कट!"

दुसऱ्या वेळी चहा आवरला, पण तो दाराशी पोचल्यावर म्हटलंच, "या हं परत!"

"कट! तू त्याला हाकलतेयस की जेवायला बोलावतेयस?"

आमच्यात जाणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, हे त्यांना कसं समजावणार? मग बाईंनी मला बाजूला घेतलं. "कागदाकडे बघून नाही म्हणणं कुणालाही जमतं. त्याच्या डोळ्यांत बघून म्हण." तसं म्हटलं. भाच्याचे डोळे भरले, माझेही. बाई मात्र खूश.

पुढच्याच आठवड्यात माझी खरी मुलाखत होती, त्याच ब्लेझरमध्ये. प्रयोगशाळेतलं काम, अगदी मी शिकले तेच. मला ते फार हवं होतं. साहेब माझ्या बायोडेटावर नजर रोवून म्हणाले, "आम्ही कळवू."

मी उठले, दारापर्यंत गेले आणि राहवलं नाही. "डोळ्यांत बघून म्हणा ना. कागदाकडे बघून म्हटलं की सीन पडतो."

साहेबांनी मान वर केली आणि कानापर्यंत लाल झाले.

नोकरी मिळाली नाही. मी चांगली रडले. पण या वेळी नकाराचा ईमेल आला नाही, साहेबांनी स्वतः फोन केला. फोन ठेवताना मी त्यांना म्हटलं, "बरं, येते हं परत."